दहापैकी नऊ

माणसाला तोंड असतं, ही गोष्ट आमच्या भाऊजींना कोणी सांगितलीच नसावी. त्यांच्या लेखी माणूस घोट्यापाशी सुरू व्हायचा आणि तळव्यापाशी संपायचा. वर जे काही उरतं, डोकं, कपाळ, नाव, गाव, ते सगळं पायांनी वाहून न्यायचं सामान. माझी थोरली बहीण त्यांना दिलेली, म्हणजे आमची ओळख तीस-पस्तीस वर्षांची. तरी एकदा मी नवे बूट घालून आमच्या आदिलाबादकडच्या बोथच्या बसस्टँडवर उभा होतो, तर ते माझ्या अंगावरून निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर म्हणाले, "काल कुठं होते कारकून? घंटाभर वाट पाहून राह्यलो होतो मी." मी मंडल कचेरीत, म्हणजे तहसिलीत, कारकून आहे आणि ते मला याच नावाने हाक मारतात. मी म्हटलं, "तुमच्या पुढ्यातच उभा होतो." त्यांनी उंबऱ्याबाहेर जाऊन माझे नवे बूट उचलले, उलटे केले, आत हात घालून चाचपले आणि खाली ठेवत म्हणाले, "हे तुमी नाई. ह्या बुटाईत तुमी यायले अजून दोन महिने लागन."

भाऊजी चौतीस वर्षं सरकारी मराठी शाळेत मास्तर होते. आमच्या दोन्ही घरचे म्हातारे दुसऱ्यांच्या वावरात राबून गेले; त्यांच्या पोटी मास्तर निघाला, कारकून निघाला, याचा आमच्या वस्तीला केवढा अभिमान. आणि हा मास्तर निवृत्त झाल्यावर ओसरीत फतकल मारून चपला करायला बसला. वस्तीत गहजब झाला. आमच्या लोकांनी गावकीची कामं टाकून पुस्तक हातात घेतलं, आणि यांनी पुस्तक खाली ठेवून चप्पल हातात घेतली, असं त्यांना तोंडावर ऐकवलं गेलं. भाऊजी ऐकवणाऱ्याच्या पायाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "तुमी उजव्या पायावर जास्त उभे राहता. काऊन?" तो माणूस स्वतःच्याच पायांकडे पाहत परत गेला.

या काही बाजारातल्या चपला नव्हत्या. शुगरने किंवा दुसऱ्या कशाने ज्यांच्या पायांची जाणीव गेली आहे, काटा रुतला तरी ज्यांना कळत नाही, अशा पायांच्या मापाची गादी बनवून ती चपलेत बसवायची, म्हणजे जखम होणाऱ्या जागेवर भार येत नाही. हे वेड त्यांनी उगाच घेतलं नव्हतं. त्यांच्या आईच्या तळव्यात पऱ्हाटीचं धसकट दोन दिवस रुतून होतं आणि ती त्या पायाने कापूस वेचत होती. तिला माहीतच नव्हतं. आधी अंगठा गेला, मग पाय गेला, मग आई गेली. सेवा माझ्या बहिणीने केली. तिला मी अक्का म्हणतो. आणि ज्या वर्षी अक्काच्या रक्तात साखर निघाली, त्या वर्षीची उन्हाळ्याची सगळी सुट्टी भाऊजींनी पैनगंगेपलीकडच्या एका कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात, तिथल्या म्हाताऱ्या कारागिराच्या शेजारी बसून काढली. अक्काचा पाय वाचवायचा, एवढंच त्यांना शिकायचं होतं. पुढे दहा गावांतले लोक त्यांच्याकडे यायला लागले, पण तो सगळा त्या एका पायासाठी चाललेला सराव होता, असं मला कायम वाटत आलं आहे.

लग्नाला गेले की ते मांडवात शिरतच नसत. मांडवाच्या तोंडाशी चपलांचा ढीग पडलेला असतो, तिथेच उकिडवे बसून एकेक चप्पल उलटी करून झिजेवरून माणूस वाचत. बाजारहत्नूरच्या एका लग्नात त्यांना दोन्ही हातांत दोन जोडे धरलेलं पाहून पोरीकडच्या चार माणसांनी घेरलं. जोड्यांचा मालक, चांगला धिप्पाड शेतकरी, बाह्या सावरत आला. आता बहिणीच्या नवऱ्याला चप्पलचोर म्हणून मार खाताना पाहावं लागणार, म्हणून मी ताटावरून उठून पळालो. भाऊजींनी मान वर न करता विचारलं, "डाव्या घोट्यात दुखते ना तुमच्या? सकाळी उठल्या उठल्या?" तो माणूस थबकला. म्हणाला, "दुखते." पुढच्या आठवड्यात तो त्यांच्या ओसरीत बसलेला होता. मी मात्र त्या लग्नात उपाशीच राहिलो, आणि हे मी त्यांना अजून ऐकवतो.

पायाचा ठसा घ्यायची त्यांची पद्धत त्यांच्यापाशीच. दवाखान्यात त्यासाठी वेगळं सामान असतं म्हणे. भाऊजींनी परात घेतली. परातीत कापसाच्या वावरातली काळी माती, चाळणीने चाळलेली, भाकरीच्या पिठासारखी मळलेली. तीही बाजारहत्नूरकडच्या एकाच वावरातली. ती आणायला ते मला दर दोन-तीन महिन्यांनी मोटारसायकलवर जुंपत. आमच्या घराजवळ लाल माती ढिगाने पडली आहे, ती काय वाईट, असं मी एकदा विचारलं, तर मला पाचवीच्या वर्गात उभं केल्यासारखं वाटेपर्यंत समजावत राहिले. लाल माती पाय उचलताच सुटते, कडा मोडते, माणसाला खूश करते. काळी माती एकदा धरलं की सोडत नाही. टाचेची भेगही जशीच्या तशी दाखवते. ठसा उमटला की त्यात पांढरं प्लास्टर ओतायचं. ते वाळलं की माणसाचा पाय हातात. मग त्या पायावर मऊ रबराचे थर बसवून, घासून, जिथे भार येतो तिथे खोलगट आणि मधे उंच अशी गादी तयार व्हायची. रबर नागपूरहून यायचं. तिथल्या व्यापाऱ्याशी ते फोनवर त्यांच्या हिंदीत भांडत, "नरम होना, लेकिन बैठना नहीं होना. बैठा तो आदमी बैठा, समझे क्या?"

शाळा सोडताना त्यांनी पुस्तकांचं एक लाकडी कपाट सोबत आणलं होतं. त्यात आता पुस्तकांऐवजी पाय होते. पन्नास-साठ पांढरे पाय, प्रत्येकावर पेन्सिलीने नाव आणि गाव, बोटं दाराकडे करून ओळीने मांडलेले. नवीन माणूस ओसरीत आला की आधी दचकायचाच. माझी बायको तर त्या घरी गेली की कपाटाकडे पाठ करून बसते. कोणी मेल्याची बातमी आली की भाऊजी उठून त्याचा पाय फिरवून बोटं भिंतीकडे करून ठेवत. टाकून द्यायचे नाहीत. मी म्हटलं, "जागा अडते, टाकून द्या." ते म्हणाले, "हजेरीपटातून नाव काढतात काय कोनी मधातूनच? पुढं रेघ मारतात फक्त." दरवर्षी दाराकडे पाहणाऱ्या टाचा वाढत चालल्या होत्या.

त्यांचं खरं भांडण मात्र उंबऱ्याशी होतं. आपल्याकडे माणूस चप्पल बाहेर काढून घरात येतो, आणि ज्याचा पाय बधिर आहे त्याचा घात घरातच होतो. चुलीतला निखारा, पडलेली सुई, तापलेलं अंगण, उंदीर. हो, उंदीर. झोपलेल्या माणसाची बोटं कुरतडतो आणि माणसाला सकाळी रक्त दिसल्यावर कळतं. म्हणून भाऊजी प्रत्येकाला दोन जोड द्यायचे, एक बाहेरचा, एक घरातला, आणि घरातल्याला सुतळीने चिठ्ठी बांधायचे: 'ही घरातली आहे. हिने बाहेरची माती पाहिलेली नाही. सुनेने वाद घालू नये.' वांकिडीकडच्या एका म्हातारीच्या सुनेने तरीही वाद घातला, देवघरासमोरून सासू चप्पल घालून जाते म्हणून. भाऊजी दोन बस बदलून तिच्या घरी गेले, सुनेला सासूचा तळवा हातात धरून दाखवला आणि परत आले. त्यांच्या चपलांना अंगठ्यात अडकायचा पट्टा नसायचा, कारण तो घासतो. वरून नुसते दोन रुंद पट्टे. बाया तक्रार करायच्या की पोलिसासारखं दिसते. "दिसू द्या," भाऊजी म्हणायचे, "पाय आहे तर दिसून राह्यलं."

विहारासाठी त्यांनी तिसरा जोड काढला. पांढऱ्या कापडाने मढवलेला, विहाराच्या फाटकातच ठेवायचा आणि घालूनच आत जायचं. त्यासाठी भंतेजींकडे त्यांनी चार खेपा घातल्या. भंतेजी शांत माणूस. म्हणाले, "बुद्धाला चालेल, गुरुजी. पुढच्या ओळीत बसणाऱ्या बायांना चालेल का, ते तुम्हीच पाहा." भाऊजींनी पाहिलं. पुढच्या ओळीतल्या दोघींचे पाय तपासले, एकीला नापास केलं, आणि तिथून पुढे त्या ओळीची तक्रार संपली.

नापास करणं ही त्यांची मास्तरकी. फड्याची, म्हणजे केरसुणीची, एक काडी, बोटभर लांब, टोक घासून गोल केलेलं. ज्याचा पाय तपासायचा त्याने डोळे मिटायचे. भाऊजी पायावर दहा ठिकाणी काडी टेकवायचे, वाकेल इतपतच, आणि काडी टेकल्याचं समजलं की त्याने "कळ्ळं" म्हणायचं. अंगठा, मधलं बोट, करंगळी, चवड्यावर तीन जागा, मधे दोन, टाच, आणि शेवटी पायाच्या पाठीवर एक. दहापैकी किती ते जुन्या हजेरीपटात लिहायचे. सातच्या खाली लाल शाई. लाल शाईवाल्याने जन्मभर अनवाणी पाऊल टाकायचं नाही. मोठी मोठी माणसं त्या काडीपुढे घाबरलेली मी पाहिली आहेत.

अक्काची परीक्षा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. तिला कायम दहापैकी नऊ. करंगळीला ती गप्प राहायची, बाकी सगळीकडे "कळ्ळं". भाऊजींच्या चेहऱ्यावरचा तो आनंद काय सांगू. शाळेत कोणी बोर्डात आलं तरी इतके खूश झाले नसतील. "करंगळीकडे लक्ष ठेवा लागन," असं पुटपुटत ते तिच्या गादीत करंगळीखाली घासून घासून एक खळगा करत. हजेरीपटात वर्षानुवर्षं निळ्या शाईत नऊ, नऊ, नऊ.

आता सांगायचं ते सांगतो. एका पहिल्या रविवारी मी तिथे बसलो होतो. अक्का डोळे मिटून खुर्चीवर, पाय भाऊजींच्या मांडीवर. करंगळी झाली आणि त्यांचा फोन वाजला. नागपूरचा व्यापारी. भाऊजी डाव्या हातात फोन धरून मान वळवून त्याच्याशी नरम आणि बैठना करायला लागले. उजव्या हातातली काडी तशीच हवेत, पायापासून वीतभर लांब. आणि अक्का म्हणाली, "कळ्ळं." दोन श्वास थांबून पुन्हा म्हणाली, "कळ्ळं." मग तिला भाऊजींचा आवाज दुसरीकडून येतोय हे जाणवलं असावं. तिने एक डोळा उघडला. हवेतली काडी पाहिली, मला पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवलं.

भाऊजी प्रत्येक वेळी त्याच क्रमाने, त्याच चालीने काडी टेकवत आणि अक्काला तो क्रम पाठ झाला होता. करंगळी ती मुद्दाम सोडायची, दहापैकी दहा कोणाला खरे वाटत नाहीत म्हणून. मास्तराच्या बायकोने मास्तराच्या परीक्षेत कॉपी करावी, याचं मला हसू आलं. मी तोंडावर रुमाल धरून हसलो. चहा करताना तिने मला चुलीपाशी बोलावलं आणि म्हणाली, "सांगू नको रे बापू. त्याइच्या मायचा पाय मी धुतला आहे. आता पुन्हा तेच चालू झालं समजलं तर हा माणूस जेवनार नाई. कळत नसलं म्हनून काय झालं, डोळे आहेत ना मले? पाहून पाहून पाय टाकीन मी." मला ते पटलं. मला काय, कोणतंही काम पुढे ढकललं की पटतं. कचेरीत तीच सवय. पुढचं दीड वर्ष मी तिचं गुपित राखलं आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

बुद्धपौर्णिमा आमच्याकडे ऐन उन्हात येते. त्या वर्षी विहाराचं अंगण नवीन झालं होतं, सगळ्यांनी वर्गणी काढून काळी ग्रॅनाइटची फरशी बसवलेली, आरशासारखी. वंदना सकाळी आठला होती. पाहुणे यायला उशीर झाला आणि कार्यक्रम दुपारी एकला सुरू झाला. फाटकापासून दारापर्यंत तीस-चाळीस पावलं. तिथे अंथरलेलं तरट कोणीतरी पाहुण्यांच्या खुर्च्यांखाली नेऊन घातलं होतं. भाऊजींचा सत्कार होता त्या दिवशी, गावाचे पाय सांभाळतात म्हणून. फुलांचं ताट जोडीने आत न्यायचा मान त्यांना मिळाला होता. फाटकापाशी लाल शाईवाले पाच-सहाजण आपापले पांढरे जोड घालत होते. अक्का तिथे जरा घुटमळली. तिने पांढऱ्या जोडांकडे पाहिलं, हे मला स्पष्ट आठवतं. भाऊजी ताट सावरत म्हणाले, "तू पास आहेस. काढ चप्पल."

मी दोन हातांवर होतो. तेव्हा बोलायला पाहिजे होतं.

पहिलं पाऊल टाकताच सगळ्यांची तारांबळ उडाली. पाहुणे धोतर धरून पळाले, बाया हसत, किंचाळत टाचांवर उड्या मारत सुटल्या, मीही चवड्यांवर धावलो. भाऊजी ताटासकट असे नाचत गेले की निम्मी फुलं खाली सांडली. सगळे दाराच्या सावलीत पोचून एकमेकांना हसत होते. अक्का मागे राहिली होती. ती अंगणाच्या मधोमध वाकून सांडलेलं एकेक फूल वेचून पदरात घेत होती. घाई नाही, पायांची उचलठेव नाही. सगळा भार डाव्या पायावर देऊन निवांत. पुढच्या ओळीतली एक बाई कौतुकाने म्हणाली, "पाहा वो, किती शांत बाई आहे."

भाऊजींनी वळून पाहिलं. फर्लांगभर अंतरावरून चालणाऱ्याचं दुखणं ओळखणारा माणूस. त्याला त्या दोन पायांकडे पाहायला कितीसा वेळ लागणार. त्यांच्या हातातलं ताट कधी पडलं ते मला कळलं नाही. ते परत त्या फरशीवर धावले आणि त्या वयात त्यांनी तिला उचलायचा प्रयत्न केला. अक्का त्यांना ढकलत होती. "काय करता गुर्जी, लोक पाहून राह्यले," ती म्हणाली. त्यांनी तिला कसंबसं सावलीत आणलं, पिण्याच्या पाण्याचं पिंप तिच्या पायांवर ओतत राहिले आणि एकच विचारत राहिले, "कधीपासून? कधीपासून?" तिने वेचलेली फुलं पदरात तशीच होती.

संध्याकाळपर्यंत डाव्या तळव्याची सगळी कातडी फोडासारखी सुटली. उजवा थोडक्यात बचावला. पुढचं लांबवत नाही. तीन आठवडे पट्ट्या, मग ताप, मग तो वास, जो भाऊजींनी आईच्या वेळी घेतला होता आणि अक्कानेही. आधी आदिलाबाद, मग नागपूर. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

मला भाऊजींचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. "काढ चप्पल" हे शब्द त्यांचे होते, आणि रागवायला दुसरा माणूस मिळाला की स्वतःला बरं पडतं. ऑपरेशनच्या दुपारी दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघं बसलो होतो. समोरून माणसं जात-येत होती आणि ते कोणाच्याही पायाकडे पाहत नव्हते. भिंतीकडे पाहत होते. ते पाहून माझ्याने राहवेना. मी सगळं सांगितलं, हवेतली काडी, ओठांवरचं बोट, चुलीपाशी ती बोलली ते, माझं गप्प राहणं. वाटलं, आता हा माणूस माझं तोंड पाहणार नाही. मग आठवलं की ते तसंही पाहत नाहीत. भिंतीकडेच पाहत ते म्हणाले, "चौतीस वर्षं दरवर्षी पेपर बदलला मी. पोट्टे कॉपी करतात म्हनून. काडीचा क्रम नाई बदलला." मग म्हणाले, "तुमी हसले असान तवा." मी हो म्हटलं. "मीबी हसलो असतो," ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी कपाट उघडलं आणि सगळे पाय भिंतीकडे फिरवले. जिवंत माणसांचेसुद्धा. फक्त अक्काच्या डाव्या पायाचं काय करायचं हे त्यांना ठरवता आलं नाही. तो टेबलावर तसाच आडवा पडून राहिला. परात उलटी झाली. रबराचे तुकडे माळ्यावर गेले. दूरदूरची माणसं यायची आणि भाऊजी ओसरीतूनच सांगायचे, "मास्तर नापास झाले. दुसरीकडं पाहा." दुसरीकडे कुठे, हे त्यांनाही माहीत होतं. बाजारहत्नूरचा तो धिप्पाड शेतकरी येऊन तासभर पायरीवर बसून गेला. त्याच्या बायकोचा पाय होता. अक्का आत खाटेवर पडून हे सगळं ऐकत असायची. पाऊस आला आणि गेला, पऱ्हाटीला बोंडं धरली, तरी ते कपाट बंदच होतं. मी रविवारी जायचो, आम्ही तिघं चहा प्यायचो आणि पहिला रविवार आहे हे कोणी बोलायचं नाही.

दिवाळीच्या आसपास अक्काने मला फोन करून सांगितलं, "बापू, येताना माती आन. बाजारहत्नूरची." मी गोणीभर आणली. तिने जमिनीवर बसून ती स्वतः चाळली, पाणी घालून मळली, परातीत थापली. हात काळे कोपरापर्यंत. मग हाक मारली, "गुर्जी, या इकडं." भाऊजी दारात येऊन उभे राहिले आणि परात पाहून परत फिरले. ती म्हणाली, "उरलेल्या पायावर आता डबल भार आहे. तुमीच सांगत होते लोकाइले. का फक्त लोकाइलेच?"

ते आले. खाली बसले. फड्याची नवी काडी तोडून तिचं टोक दगडावर घासायला त्यांनी इतका वेळ लावला की मला वाटलं आता उठून जातील. हजेरीपट माझ्या हातात दिला. अक्काने उजवा पाय त्यांच्या मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. या वेळी त्यांनी क्रम बदलला. आधी टाच, मग एकदम मधलं बोट, मग कितीतरी वेळ काहीच नाही, मग पुन्हा टाचेजवळ. आणि प्रत्येक वेळी टेकवल्यावर स्वतःच हळूच विचारत होते, "कळ्ळं?"

"नाई," अक्का म्हणायची.

दहा वेळा तिने नाई म्हटलं, अगदी सरळ आवाजात, शाळेतलं पोर पाठ म्हणतं तसं. मी लाल शाईने शून्य लिहिलं. भाऊजींनी काडी बाजूला ठेवली आणि पाय मातीत ठेवण्यासाठी तळव्याखाली आपला पंजा घातला. तेव्हा अक्का डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाली, "हात कळते."

भाऊजींनी मान वर केली आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना कोणाच्या तोंडाकडे असं पाहताना पहिल्यांदाच पाहत होतो. ती खरं बोलतेय की पुन्हा त्यांना खूश करतेय, ते शोधत असावेत. पायावरून त्यांनी काहीही ओळखलं असतं, तोंडावरून वाचायची सवय नव्हती. मलाही ते ओळखता आलं नाही. मी वहीवर पेन धरून विचारलं, "हे लिहू का?" त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मग त्यांनी तो पाय दोन्ही हातांनी परातीतल्या काळ्या मातीवर ठेवला आणि वरून हळूहळू दाबत राहिले.